स्पितीसाठी जिप्सी : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार. ओडोमीटर ९१,३४०

तारीख पक्की झाली. विसर्जन आटोपलं की शनिवारी, २१ सप्टेंबरला पाच गाड्या पुण्याहून हिमाचलातल्या स्पितीकडे निघणार: दोन जिप्सी, दोन थार आणि एक बोलेरो कॅम्पर. शिमल्याकडून चढायचं, किन्नौर, नाको, ताबो, काझा करत कुंझुम खिंड ओलांडायची, चंद्रताल तलावाशी मुक्काम आणि मग बातल-ग्राम्फूच्या दगडधोंड्यांतून मनालीला उतरायचं. माझ्या गाडीत मी आणि धाकटा भाऊ.

माझी मारुती जिप्सी २०११ सालची आहे. १,२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, कागदावर ८० अश्वशक्ती, पुढेमागे स्प्रिंगचे पाटे, ४० लिटरची टाकी. माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली. पावसाळ्यात मावळात, उन्हाळ्यात कोकणात भरपूर फिरवली. पण सलग बारा-चौदा दिवस, घरापासून दोन हजार किलोमीटर दूर, कधीच नाही.

आज काही विकत घेतलं नाही. नुसती गाडीखाली दोन तास पडून राहिले आणि वहीत लिहित गेले. पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ. मागच्या डाव्या शॉकअपला तेल सुटलंय. मेन पाट्याचे बुश सुकून भेगाळलेत. रेडिएटरच्या खालच्या पाइपला क्लिपजवळ फुगवटा. टायमिंग बेल्ट आधीच्या मालकाने कधी बदलला, बदलला की नाही, याची नोंद कुठेच नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे साठ-पासष्टच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं थरथरतं, गाडी पार हळू करेपर्यंत थांबत नाही.

भावाचा आग्रह होता की आधी विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) आणि लाइटची पट्टी घेऊ. त्याला वही दाखवली. या यादीतली शेवटची ओळ खोडली जाईपर्यंत एकही नवी वस्तू गाडीला लागणार नाही, असं ठरवून टाकलं.

९ जून, रविवार

वस्तादांचं गॅरेज नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. रविवारी ते एकटेच असतात, म्हणून मला हात लावू देतात.

थरथरण्याचं दुखणं याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दोनदा दाखवलं होतं. दोन्ही वेळा चाकांचं बॅलन्सिंग झालं आणि स्टिअरिंगचा डॅम्पर बदलला. महिनाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. वस्ताद म्हणाले, "ताई, डॅम्परने थरथर दबते, जात नाही. किंगपिन उघडूया."

जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल सरळ, एकसंध. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळा, त्या गोळ्यावर चाक धरणारा नकल वर-खाली दोन किंगपिनांवर फिरतो. किंगपिनाला निमुळते बेअरिंग. गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर तारेने पाट्याला टांगला (होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, वस्ताद यावर फार कडक आहेत), टायरॉड (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) सोडवला. मग त्यांनी मला नकल हाताने डावी-उजवीकडे फिरवायला सांगितला. बरोबर मध्यावर एक बारीक खटका लागत होता, कपाटाचं दार बंद होताना लागतो तसा. चाक सरळ असतं तीच ती जागा.

हब, स्पिंडल, आतला अ‍ॅक्सल शाफ्ट काढून नकल सुटा केला तेव्हा आतून ग्रीस आलंच नाही. ताकासारखं पातळ, करडं काहीतरी ओघळलं. गोळ्यावरचं सील फाटलेलं होतं, तिथून प्रत्येक पावसाळ्याचं पाणी आत गेलं होतं. बेअरिंगची वाटी पुसून उजेडात धरली. रोलर जिथे टेकतात तिथे बारीक उभ्या रेघा उमटल्या होत्या, एकाआड एक, अगदी समान अंतरावर. नख फिरवलं तर नख अडकत होतं. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर त्याच जागी ठोके खाऊन रोलरांनी वाटीत घरं केली होती. तो खटका म्हणजे ही घरं.

वाटीचा फोटो गटावर टाकला. दुसऱ्या जिप्सीवाल्याचा लगेच फोन आला, "तुझं झालं की माझी उघडतो."

१६ जून, रविवार

नवे बेअरिंग, वाट्या, फेल्टची रिंग, रबरी सील, दोन्ही बाजूंना. जुन्या वाट्या पितळी दांड्याने ठोकून काढल्या, नव्या बसवल्या.

बसवण्यापेक्षा किंगपिन किती घट्ट ठेवायचा हे अवघड. किंगपिनाच्या खाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. शिम काढली की घट्ट होतं, घातली की सैल. सैल राहिलं तर थरथर परत येते, फार घट्ट झालं तर स्टिअरिंग जड होतं आणि बेअरिंग जळतं. वस्तादांनी खुंटीवरून स्प्रिंगचा हुककाटा काढला. सील न बसवता, टायरॉडच्या भोकात हुक अडकवून काटा आडवा ओढायचा आणि नकल हलायला लागतो त्या क्षणाचा आकडा वाचायचा. उजवी बाजू पहिल्याच फेरीत जमली. डावीकडे तीन वेळा उघडलं, दोन शिम काढल्या, एक परत घातली. साडेतीन तास गेले. वस्तादांनी एकदाही "चालून जाईल" म्हटलं नाही, आणि मी त्यांच्याकडेच का येते याचं कारण हेच आहे.

संध्याकाळी कात्रज बायपासला पंच्याहत्तरपर्यंत नेली. मुद्दाम जोडावरून, खड्ड्यातून. स्टिअरिंग शांत.

३० जून, रविवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. निवडुंग्या विठोबाकडे तुकोबांची पालखी, त्यामुळे नाना पेठेत गाडी नेण्याचा प्रश्नच नाही. वस्ताद दिवसभर गल्लीच्या तोंडाशी वारकऱ्यांना पाणी वाटत होते. मीही दोन तास उभी राहिले. गाडीचं काम शून्य.

१४ जुलै, रविवार

गेल्या पंधरवड्यात संध्याकाळी थोडं थोडं करत टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचे शॉकअप आणि पाट्यांचे बुश झाले. ब्रेकचं जुनं तेल पूर्ण काढून नवं भरलं. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होऊन पेडल रिकामं खाली जातं. कुंझुमवरून उतरताना पेडल दगडासारखं लागायला हवं.

आज रेडिएटर. पाइप बदलले, आतून धुतला, कूलंट निम्मं-निम्मं भरलं. सप्टेंबरअखेरीस चंद्रतालला रात्री शून्याच्या खाली जातं. साधं पाणी असेल तर रेडिएटर फुटेल. हे सगळ्यांना माहीत असतं. झाकणाचा विचार कुणी करत नाही.

साडेचार हजार मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ८५ अंशांना उकळतं. इंजिनाचा थर्मोस्टॅटच मुळी ८० अंशांच्या पुढे उघडतो. म्हणजे घाटात रेडिएटरला उकळण्यापासून वाचवतो तो झाकणाच्या स्प्रिंगने धरलेला दाब. माझं झाकण तपासणीच्या पंपावर लावलं तर त्यावर छापलेल्या दाबाच्या निम्माही दाब धरेना. पुण्यात काहीच जाणवलं नसतं. स्पितीत चढावर वाफ झाली असती आणि आम्ही इंजिनात दोष शोधत बसलो असतो. नवं झाकण चहा-नाश्त्याच्या पैशांत आलं. गटावर लिहिलं: पाचही गाड्यांची झाकणं तपासून घ्या. एका थारचंही सैल निघालं.

दोन्ही डिफरन्शियलच्या (अ‍ॅक्सलमधला गिअरचा डबा) ब्रीदरना, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या भोकांना, रबरी नळी जोडून वर आणली, पुढची इंजिनखान्यात, मागची पेट्रोलच्या तोंडाजवळ. चालून तापलेलं डिफ एकदम बर्फाच्या पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. मागच्या डिफचं तेल काढलं तर तेच झालेलं होतं: दुधाळ, चहाच्या रंगाचं. मावळातल्या ओढ्यांचं पाणी.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळला. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत सोसायट्यांमध्ये शिरलं. मावशी तिथून जवळच राहते. ती पहिल्या मजल्यावर, सुखरूप. पण खालचं सगळं पार्किंग बुडालं. दुपारी पाणी ओसरल्यावर गाळ काढायला गेलो.

शेजारच्या काकांनी गाडी "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवली. एकच धप्प आवाज आला आणि इंजिन अडकलं. सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून इंजिन मोकळं फिरवलं असतं तर पाणी भोकांतून उडून गेलं असतं. मी तिथेच होते, दोन मिनिटं आधी बोलायला हवं होतं. ते राहून गेलं याचं वाईट वाटतंय.

रात्री घरी आल्यावर टेप घेऊन जिप्सीच्या हवेच्या नळीचं तोंड मोजलं: जमिनीपासून ८४ सेंटिमीटर. वाहतं पाणी बोनेटवर चढतं, लाट उठते, म्हणून माझी मर्यादा ५० सेंटिमीटर. बुरुडाकडून आणलेली वेळूची काठी घेतली, ५० वर लाल चिकटपट्टी गुंडाळली. नाल्यात आधी काठी घेऊन माणूस पायी जाणार, कमरेला दोर बांधून. पट्टी बुडाली तर गाडी थांबणार.

स्नॉर्केलचा (इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारी नळी) विषय इथेच मिटला. ते लावलं तर भाऊ आणि मी, दोघंही पट्टीच्या वर जायचा मोह धरू.

४ ऑगस्ट, रविवार

गटाची बैठक, आमच्या घरी. ३१ जुलैच्या रात्री हिमाचलात ढगफुटी झाली, रामपूरकडचं समेज गाव वाहून गेलं. किती माणसं सापडत नाहीत याच्या बातम्या अजून येताहेत. जायचं की नाही हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. काका (गटात सगळे त्यांना काकाच म्हणतात, स्पितीची ही त्यांची सहावी खेप) म्हणाले की सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पाऊस ओसरतो, तेव्हा तारीख ठेवू. पण किन्नौरच्या वाटेवर एकही दिवस घट्ट बांधायचा नाही. दोन दिवस मोकळे सोडले. दरड असेल तर थांबायचं, रात्री चालवायचं नाही, बचावाच्या गाड्यांना वाट आधी. हे पाचही जणांनी मान्य केलं, मगच पुढचं बोलणं.

जाण्याचा रस्ता एका थारमुळे बदलला. ती २०१३ची डिझेल. दिल्ली आणि एनसीआरमध्ये (दिल्लीभोवतीचा राजधानी परिसर) दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालत नाही, आणि हरियाणाचे बरेच जिल्हे एनसीआरमध्ये येतात. म्हणून धुळ्याहून राष्ट्रीय महामार्ग ५२ धरायचा: इंदूर, कोटा, जयपूर, सीकर, एकच रस्ता. सीकरनंतर भिवानी आणि जिंद हे जिल्हे टाळून हिसार, टोहाना, पातडां, पतियाळा. एका गाडीसाठी पाचही जण वाकडी वाट धरणार यावर कुणी कुरकुरलं नाही.

पेट्रोलचा हिशेब: रेकाँग पिओजवळ पोवारीला टाक्या भरल्या की पुढचा भरवशाचा पंप काझा. फाटे धरून तीनशे किलोमीटर. जिप्सी डोंगरात लिटरला आठ देते, म्हणजे साडेसदतीस लिटर. टाकी चाळीसची. इतक्या काठावर जायचं नाही. २० लिटरचा एक लोखंडी जेरीकॅन, काठोकाठ न भरता. उंचीवर आतली वाफ फुगते, झाकण हळूच सैल करायचं.

वॉकीटॉकी ४४६ मेगाहर्ट्झचे घेतले, त्यांना परवाना लागत नाही. भावाने बोलण्याची पद्धत ठरवून दिली: आधी ज्याला बोलवायचं त्याचा नंबर, मग आपला.

११ ऑगस्ट, रविवार

टायर आले. मूळ माप २०५/७० आर १५, घेतले २१५/७५ आर १५ ऑल-टेरेन, स्टेपनीसकट पाच. चाक साधारण साडेतीन सेंटिमीटर उंच झालं, पाच टक्के. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ला असते, आणि प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. कुंझुमवर विरळ हवेमुळे इंजिनाची पस्तीस-चाळीस टक्के ताकद जाणार, ८०चे ५० उरणार, त्यात हा पाच टक्क्यांचा भार. खूप विचार केला. दगडांत कडा फाटण्यापेक्षा हे परवडलं. चढ लो रेंजमध्ये (वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर) काढू.

हवेबद्दल वहीत ठळक लिहून ठेवलं. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. पुण्यात २६ पीएसआय भरली तर साडेचार हजार मीटरवर, तेवढ्याच उष्णतेत, ती साडेएकतीसच्या जवळ दिसेल. पण तिथली सकाळ थंड, त्यामुळे परत २८च्या आसपास येईल. म्हणजे रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, गेज लावायचंच.

गाडी ओढण्यासाठी पुढे-मागे चॅसिसला दोन-दोन हुक, नव्या बोल्टांसह. बंपरला दोर अडकवायचा नाही, ट्रेलरच्या गोळ्याला तर मुळीच नाही. ताणलेल्या दोराने तो तुटून उडाला तर समोरच्याचा जीव जातो.

१८ ऑगस्ट, रविवार. ओडोमीटर ९२,११८

पूर्ण सामान भरून चाचणी: पाबे खिंडीतून वेल्हे, पुढे केळद. पाऊस, धुकं, रस्त्यावर चिखल. दोन्ही जिप्सी आणि काकांची थार.

केळदच्या अलीकडच्या चढावर क्लचचं पेडल फट्कन खाली गेलं आणि तिथेच राहिलं. केबल तुटली होती. पेडलाकडच्या टोकाला एकेक तार आधीच तुटत आली होती, शेवटची आज गेली. आणि नवी केबल? घरी, कपाटात, "सप्टेंबरचं सामान" लिहिलेल्या खोक्यात.

काकांनी ओढून न्यायची तयारी दाखवली, पण मला क्लचशिवाय नेऊन बघायचं होतं. इंजिन बंद, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) लो रेंजमध्ये, पहिला गिअर टाकला आणि चावी फिरवली. स्टार्टरच्याच जोरावर गाडी हलली, दोन हात पुढे गेली आणि इंजिन धरलं. दुसऱ्या गिअरसाठी अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, दांडा हलक्या हाताने न्यूट्रलला आणायचा, आवाज खाली येईपर्यंत थांबायचं. बरोबर क्षणी तो आपोआप आत जातो; घाई केली तर दात करकरतात. माझे पहिले चार करकरले. भावाने दुसऱ्या प्रयत्नात जमवलं. थांबायचं तर न्यूट्रल, निघायचं तर पुन्हा इंजिन बंद करून चावी. असे आम्ही वेल्ह्यापर्यंत आलो, पुढे रस्ता चांगला.

रात्री पार्किंगमध्ये विजेरीच्या उजेडात नवी केबल टाकली. भावाकडून दोनदा काढून-घालून घेतली, दुसऱ्या वेळी सतरा मिनिटं. उद्या राखी; ओवाळणी म्हणून पान्यांचा नवा संच मागितलाय, देणाऱ्याच्याही कामाचा.

२५ ऑगस्ट, रविवार

मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर नेली. रिकामी १,०६०. केळदला नेलेलं सगळं सामान आणि आम्ही दोघं धरून १,४९०. चारशे तीस किलो! जेमतेम पन्नास अश्वशक्तीवर हे साडेचार हजार मीटर चढवायचं.

संध्याकाळी पाचही गाड्यांचं सामान जमिनीवर मांडलं. तीन उंच फार्म जॅक निघाले, चार कंप्रेसर, पाच शेगड्या. जॅक एक ठेवला, कॅम्परमध्ये. कंप्रेसर दोन. शेगड्या दोन. सुटे भाग गाडीनुसार न ठेवता जातीनुसार लावले: दोन जिप्सींत मिळून क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, फॅन बेल्ट, प्रॉपेलरचा क्रॉस, मेन पाटा, यू-बोल्ट, हबची सीलं, दोन थारांचं तसंच वेगळं. कुठली वस्तू कोणत्या गाडीत, कोणत्या खोक्यात, याचा कागद पाचही गाड्यांच्या सनव्हायझरला.

टपावरचं लोखंडी कॅरिअर काढून टाकलं. ते एकटंच २८ किलो, आणि सगळा भार डोक्यावर. पाणी ४० लिटरऐवजी २०. परत काट्यावर: १,३९५. अजून दहा-पंधरा जातील, कपड्यांच्या पिशव्या बघायच्या आहेत.

८ सप्टेंबर, रविवार

घरात गणपती, मंगळवारी गौरी येतील. फक्त बॅटरीची टर्मिनलं आणि अर्थिंगचे तीन बोल्ट घासून साफ केले. एकाखाली पार गंज होता.

१५ सप्टेंबर, रविवार

वस्तादांकडे शेवटची फेरी. प्रत्येक महत्त्वाचा नट-बोल्ट टॉर्क पान्याने कसला आणि नटापासून शेजारच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली: चाकं, यू-बोल्ट, शॉकअप, प्रॉपेलर, स्टिअरिंग. नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. पाना लावायला नको, गाडीखाली डोकं घालून विजेरी फिरवली की झालं. रोज संध्याकाळी प्रत्येकाने स्वतःची नाही, शेजारच्या गाडीची रेघ तपासायची. स्वतःच्या गाडीवर नजर सरावते, तिथे चूक दिसत नाही.

पैसे द्यायला गेले तर वस्तादांनी मजुरीचे घेतले, रविवारांचे घेतले नाहीत. म्हणाले, "बातलहून फोन लागत नाही म्हणतात. लागेल तिथून करा, डाव्या बाजूचं सांगा." डावा किंगपिन अजून त्यांच्या मनात आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार, रात्र. ओडोमीटर ९२,६०३

परवापर्यंत मिरवणुकीचे ढोल कानात घुमत होते. आज निवांत गाडी भरली. कागदपत्रं, विमा, पीयूसी दोन-दोन प्रती. हवा २६. प्राणवायूचे छोटे डबे आणि ऑक्सिमीटर कॅम्परमध्ये. क्लच केबल चालकाच्या सीटमागे, हाताला येईल अशी.

वेळूची काठी कुठे ठेवायची हे राहिलं होतं. कॅरिअर काढल्यामुळे टपावर जागा नाही, मागे तिरकी घातली तर जेरीकॅनला घासते. शेवटी दोन सीटांच्या मधून, मागच्या दारापासून डॅशबोर्डपर्यंत ठेवली, दोन ठिकाणी सुतळीने बांधली. लाल पट्टी बरोबर गिअरच्या दांड्याशेजारी आली. भावाला बसवून सगळे गिअर टाकून बघायला लावले, लो रेंजसकट. पडतात.

पहाटे साडेचार, नाशिक फाटा.